छीदोंगचा मका आणि हिपॅटायटीस बी: यकृताच्या कर्करोगाचं एक प्रकरण

यांगत्से नदी समुद्राला मिळते तिथे, उत्तर तीरावर, छीदोंग नावाचा प्रदेश आहे. चीनच्या जियांग्सू प्रांतातला, शांघायपासून नदी ओलांडली की लागणारा. नदीने आणून टाकलेल्या गाळावर आणि रेतीवर वसलेली ही जमीन. वस्ती अकरा लाखांच्या आसपास, हवा दमट, आणि १९८० पर्यंत गरिबाच्या ताटात मुख्यतः मका.

१९७० च्या दशकात या भागाचं नाव चीनबाहेरही पोहोचलं ते यकृताच्या कर्करोगामुळे. १९७२ मध्ये इथे या एकाच आजारासाठी संस्था सुरू झाली आणि कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाची, प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवली जाऊ लागली. काही खेड्यांमध्ये प्रौढांच्या दर दहा मृत्यूंमागे जवळपास एक यकृताच्या कर्करोगाचा होता. रुग्ण बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले, म्हणजे ऐन कर्तेपणाच्या वयातले. त्या काळात निदान झाल्यावर हाती फार तर काही महिने उरत.

या प्रकरणाकडे मी वळलो त्याचं कारण म्हणजे इथे एकाच आजाराला दोन कारणं सापडली आणि ती दोन्ही मोजता आली. विषाणू आणि रासायनिक विष एकाच पेशीत एकत्र आले तर काय होतं, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारी उदाहरणं मानवी कर्करोगांत फार थोडी आहेत.

तीन संशयित

सुरुवातीला संशय पाण्यावर गेला. छीदोंगच्या जुन्या वस्त्यांमध्ये घराभोवती चर खणलेले असत आणि त्यांतलं साचलेलं पाणी लोक पीत. शांघायचे साथरोगतज्ज्ञ सू दलोंग यांच्या लक्षात आलं की चराचं पाणी पिणाऱ्यांत यकृताचा कर्करोग जास्त आहे आणि खोल विहिरीचं पाणी पिणाऱ्यांत कमी. पुढे अशा साचलेल्या पाण्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचं मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष सापडलंही. दुसरा संशय धान्यावर होता, तिसरा काविळीच्या विषाणूवर. त्या भागातल्या पाळीव बदकांनाही यकृताच्या गाठी होत असत, आणि बदकांच्या रक्तात हिपॅटायटीस बी विषाणूचा एक भाऊबंद आढळला. माणसं आणि बदकं एकाच अंगणात वावरणारी, एकाच धान्यावर जगणारी. त्यामुळे हा धागाही सहज सोडून देण्यासारखा नव्हता.

स्थानिक आरोग्य खात्याने खऱ्या गुन्हेगाराची वाट पाहत बसण्यापेक्षा तिन्ही आघाड्यांवर काम सुरू केलं. पाणी सांभाळा, धान्य सांभाळा, कावीळ टाळा, अशी त्यांची थोडक्यातली घोषणा होती. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. पुरावा पूर्ण व्हायला पुढे वीस-तीस वर्षं लागली, आणि तोवर माणसं मरतच होती.

विषाणूची बाजू

हिपॅटायटीस बी विषाणूचा माग लागला तो बरूच ब्लुमबर्ग यांच्या संशोधनातून. ऑस्ट्रेलियन आदिवासी व्यक्तीच्या रक्तातलं एक अनोळखी प्रथिन १९६५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं आणि ते या विषाणूचं बाह्य आवरण निघालं. त्यासाठी १९७६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. कर्करोगाशी असलेला संबंध पक्का केला तो तैवानमधल्या पामर बीझली यांच्या पाहणीने. २२,७०७ पुरुष सरकारी कर्मचाऱ्यांचं रक्त आधी तपासलं आणि मग वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. १९८१ मध्ये निष्कर्ष आला: यकृताच्या कर्करोगाने ४१ जण गेले होते, त्यांतले ४० विषाणूचे कायमचे वाहक होते. वाहकांचा धोका इतरांच्या २२३ पट.

हा आकडा इतका मोठा होता की शोध इथेच संपला असं कुणालाही वाटावं. पण चीनमधल्याच ग्वांग्शी प्रांतातल्या पाहणीत एक अडचण समोर आली. विषाणूचे वाहक दोन्हीकडे होते, तरी ज्या गावांच्या धान्यात बुरशीचं विष जास्त, तिथल्या वाहकांचा यकृताच्या कर्करोगाने होणारा मृत्युदर कमी विषाच्या गावांतल्या वाहकांपेक्षा सुमारे दहापट होता. विषाणू तोच, माणसं तशीच, आणि तरी दहापट.

विषाची बाजू

अफ्लाटॉक्सिनची ओळख १९६० मध्ये इंग्लंडमध्ये झाली. तिथे लाखाहून अधिक टर्की पक्षी काही महिन्यांत यकृत निकामी होऊन मेले. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड होती आणि पेंडीत अॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने तयार केलेलं विष. बुरशीच्या नावातली आद्याक्षरं घेऊन विषाचं नाव ठरलं. उंदरांना ते अगदी थोड्या मात्रेतही यकृताचा कर्करोग देतं, हे प्रयोगशाळांनी लवकरच दाखवलं.

ही बुरशी मका आणि भुईमूग यांच्यावर विशेष रमते. पीक उभं असताना पाण्याचा ताण पडला, काढणीच्या वेळी पाऊस आला किंवा धान्य ओलसर असतानाच साठवलं, की तिचं फावतं. शिजवल्याने किंवा भाजल्याने विष पूर्ण जात नाही. ते डोळ्यांना दिसत नाही आणि थोडं असलं तर जिभेलाही कळत नाही. म्हणूनच माणसांमध्ये त्याचा हिशेब लावणं अवघड होतं. गेल्या वर्षी तुम्ही किती बुरशीचा मका खाल्लात, या प्रश्नाचं उत्तर कोण देणार?

लघवीतला पुरावा

ही अडचण सोडवली ती शांघायमधल्या एका पाहणीने. १९८६ ते १९८९ या काळात ४५ ते ६४ वयाच्या १८,२४४ पुरुषांना तिच्यात घेतलं गेलं. सगळे त्या वेळी कर्करोगमुक्त. प्रत्येकाचं रक्त आणि लघवी घेऊन गोठवून ठेवली, आहाराची मुलाखत घेतली आणि मग वाट पाहिली.

इथे यंत्रणेचा एक बारकावा सांगायलाच हवा, कारण सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. अफ्लाटॉक्सिन यकृतात शिरलं की यकृताची विकरं (एन्झाइम) त्याचं रूपांतर एका अतिशय चंचल रूपात करतात, ज्याला इपॉक्साइड म्हणतात. हे इपॉक्साइड डीएनएमधल्या ग्वानिन या घटकाला जाऊन चिकटतं. पेशी पुढे ते चिकटलेलं ग्वानिन छाटून टाकते आणि ते लघवीतून बाहेर पडतं. म्हणजे लघवीत सापडणारा हा तुकडा नुसतं विष पोटात गेल्याचा पुरावा नसतो. विष डीएनएपर्यंत पोहोचलं आणि त्याने इजा केली, याचीच ती पावती असते. अमेरिकेतले जेरल्ड वोगन, जॉन ग्रूपमन आणि त्यांचे सहकारी हा तुकडा मोजण्याचं तंत्र घेऊन आले. चीनच्या बाजूने च्यान गंगसुन यांच्यासारखे शास्त्रज्ञ होते.

पुढच्या काही वर्षांत ज्यांना यकृताचा कर्करोग झाला त्यांची आजारापूर्वीची, गोठवलेली लघवी बाहेर काढली आणि निरोगी राहिलेल्यांच्या नमुन्यांशी ताडून पाहिली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात ५० रुग्ण होते. लघवीत फक्त अफ्लाटॉक्सिनच्या खुणा असलेल्यांना धोका ३.४ पट. फक्त विषाणूचे वाहक असलेल्यांना ७.३ पट. आणि दोन्ही असलेल्यांना ५९.४ पट.

हे तीन आकडे नीट पाहा. दोन कारणं आपापलं काम वेगवेगळं करत असती तर दोन्ही असलेल्यांचा धोका बेरजेने, म्हणजे सुमारे ९.७ पट निघाला असता. एकाने दुसऱ्याला गुणलं असतं तर २५ च्या जवळ. प्रत्यक्षात तो गुणाकाराच्याही पुढे गेला. रुग्णसंख्या लहान होती, त्यामुळे ५९.४ या आकड्याभोवतीची अनिश्चितता मोठी आहे. ती १६.६ पासून २१२ पर्यंत पसरते. तरीही तिचं खालचं टोकसुद्धा बेरजेच्या वर आहे.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्याच पाहणीत आहाराच्या मुलाखतीवरून काढलेल्या अफ्लाटॉक्सिनच्या अंदाजाचा कर्करोगाशी ठळक संबंध दिसला नाही. फक्त मुलाखतींवर थांबले असते तर अफ्लाटॉक्सिन निर्दोष ठरलं असतं. माणसाला काय खाल्लं ते आठवतं, धान्यातली बुरशी आठवत नाही.

पेशीच्या आत काय घडतं

दोघांची गाठ कशी पडते ते आता सांगतो. प्रौढ माणसाच्या निरोगी यकृताच्या पेशी क्वचितच विभागतात. ग्वानिनला विष चिकटलं तरी दुरुस्ती करणाऱ्या विकरांना पुरेसा वेळ मिळतो. छापायला जाण्याआधी मुद्रितशोधकाने पकडलेली चूक कुणाला दिसत नाही, पण छपाई सुरू झाली की तीच चूक प्रत्येक प्रतीत जाते. यकृताची पेशी विभागते तो क्षण या छपाईसारखा.

हिपॅटायटीस बीची जुनी लागण नेमकी ही छपाई वाढवते. शरीराच्या संरक्षक पेशी विषाणूबाधित यकृतपेशींना वर्षानुवर्षं मारत राहतात, आणि जागा भरून काढायला उरलेल्या पेशी विभागत राहतात. दुरुस्तीला वेळ उरत नाही. ग्वानिनच्या जागी थायमिन बसतं आणि कायमचं होतं. त्यात विषाणूचं एक्स नावाचं प्रथिन दुरुस्तीच्या यंत्रणेतच अडथळा आणतं, असे प्रयोगांचे निष्कर्ष आहेत. बाधित यकृतात अफ्लाटॉक्सिनला घातक रूप देणारी विकरं वाढतात आणि त्याला निरुपद्रवी करून बाहेर घालवणारी ग्लुटाथायोनची यंत्रणा दुबळी होते, असंही काही अभ्यासांत दिसलं. शिवाय विषाणू स्वतःच्या डीएनएचे तुकडे यकृतपेशीच्या डीएनएत घुसवतो, तो गोंधळ वेगळाच.

प्राण्यांमध्येही हेच चित्र दिसलं. हिपॅटायटीस बीच्या आवरणाचं प्रथिन बनवणारे जनुकबदल केलेले उंदीर आणि त्याच घराण्यातल्या विषाणूची लागण झालेले वुडचक हे उत्तर अमेरिकेतले प्राणी, दोघांनाही अफ्लाटॉक्सिन दिल्यावर यकृताच्या गाठी लवकर किंवा जास्त आल्या.

१९९१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एक छीदोंगच्या रुग्णांवर, दुसरा आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या. पी-५३ हे जनुक पेशीची अनिर्बंध वाढ रोखतं. छीदोंगच्या १६ गाठींपैकी ८ गाठींमध्ये या जनुकाच्या २४९ व्या संकेताचं, म्हणजे डीएनएच्या तीन अक्षरी शब्दाचं, तिसरं अक्षर बदललेलं होतं. सात गाठींत जी (ग्वानिन) च्या जागी टी (थायमिन), एकीत सी. अख्ख्या जनुकात शेकडो ठिकाणी बिघाड होऊ शकतो, आणि निम्म्या गाठींमध्ये तो नेमका एकाच अक्षरावर. त्याने प्रथिनातल्या आर्जिनिनच्या जागी सेरिन बसतं आणि पी-५३ ची डीएनए पकडण्याची क्षमता बिघडते. अफ्लाटॉक्सिन कमी असलेल्या देशांतल्या यकृताच्या गाठींमध्ये हा विशिष्ट बदल विरळा आहे. प्रयोगशाळेत मानवी यकृतपेशींना अफ्लाटॉक्सिन दिलं तरी हाच बदल घडलेला दिसला. पुढे छीदोंगच्या काही रुग्णांच्या, निदानाआधी घेऊन ठेवलेल्या रक्तातही या बदललेल्या डीएनएचे तुकडे सापडले.

अर्थात छीदोंगमध्ये हा बदल असलेल्या जवळपास सगळ्या गाठी विषाणूबाधित यकृतातल्याच आहेत. त्यामुळे या एका अक्षरावर नाव एकट्या विषाचं लिहायचं का, हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. माझ्या मते तो मिटण्याची गरजही नाही. विष अक्षर बदलतं, विषाणू ते बदललेलं अक्षर टिकवतो.

गोळी, लस आणि भात

आता उपायांकडे येतो. छीदोंगचं मोठेपण मला इथेच दिसतं.

ग्रूपमन, टॉम केन्सलर आणि छीदोंगच्या संशोधकांनी विषाला शरीरातच अडवण्याचे प्रयोग केले. क्लोरोफिलपासून बनवलेलं क्लोरोफिलिन १८० गावकऱ्यांपैकी निम्म्यांना दिवसातून तीनदा जेवणाआधी चार महिने दिलं, बाकीच्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. क्लोरोफिलिन घेणाऱ्यांच्या लघवीतल्या डीएनए-इजेच्या खुणा ५५ टक्क्यांनी कमी झाल्या. ब्रोकोलीच्या मोडांचं पेय देऊनही पाहिलं. विज्ञान म्हणून हे सुंदर आहे. पण लाखो माणसांनी आयुष्यभर दिवसातून तीनदा गोळी घ्यायची, हा मार्ग शेतकऱ्याच्या घरात चालणारा नाही.

लशीचा प्रयोगही छीदोंगनेच मोठ्या प्रमाणावर केला. १९८३ ते १९९० दरम्यान जन्मलेली हजारो बाळं गावांच्या गटांनुसार लस मिळणारी आणि न मिळणारी अशी विभागली गेली आणि तीस वर्षं त्यांचा मागोवा घेतला. लस मिळालेल्यांमध्ये यकृताचा कर्करोग ८४ टक्क्यांनी कमी निघाला. बाळपणी लागण झाली तर दहातल्या नवांना विषाणू आयुष्यभर चिकटतो, मोठेपणी झाली तर शंभरातल्या जेमतेम पाचांना. म्हणून जन्माच्या पहिल्या चोवीस तासांतला डोस इतका मोलाचा.

पण ज्यांना विषाणूने आधीच गाठलं होतं, त्यांना लस काही देऊ शकत नव्हती. त्यांना वाचवलं ते भाताने.

१९८० च्या दशकातल्या शेतीसुधारणांनंतर छीदोंगच्या लोकांना मक्याऐवजी तांदूळ परवडू लागला, मिळू लागला. या सुधारणा कर्करोग रोखण्याची मोहीम म्हणून झाल्या नव्हत्या. संस्थेच्या शीतपेट्यांमध्ये मात्र प्रत्येक काळातलं रक्त जपून ठेवलेलं होतं. छन ज्यानग्वो आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये त्याचा हिशेब मांडला. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेल्या अफ्लाटॉक्सिनचं मध्यांक प्रमाण १९८९ मध्ये दर मिलिग्रॅमला १९.३ पिकोग्रॅम होतं. २००९ पर्यंत ते मोजता येण्याच्या मर्यादेखाली, म्हणजे ०.५ च्याही खाली गेलं. आणि १९६० ते १९८० च्या दशकांत जन्मलेल्यांमध्ये, पस्तिशीच्या आतल्या वयात, यकृताच्या कर्करोगाचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. ही सगळी माणसं नवजात बाळांच्या सार्वत्रिक लसीकरणाच्या आधी जन्मलेली.

मृत्यूंमधली सुमारे ६५ टक्के घट मक्याकडून तांदळाकडे वळण्यामुळे झाली असा त्यांचा अंदाज आहे. आणि त्या लाभापैकी ८३ टक्के लाभ विषाणूच्या वाहकांना मिळाला. हा आकडा वाचल्यावर मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. विषाणू त्यांच्या यकृतात तसाच होता. कुणी बरं झालं नव्हतं. फक्त ताटातला जोडीदार गेला.

आपल्याकडे

हे सगळं दूर चीनमधलं वाटू नये म्हणून १९७४ ची आठवण करून देतो. राजस्थानच्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल भागातल्या दीडशेहून अधिक गावांत लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी साठलं. ३९७ आजारी पडले, १०६ दगावले. घरातली कुत्रीसुद्धा मेली, आणि त्यातूनच साथ विषाणूची नसून अन्नाची असल्याचा संशय बळावला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तज्ज्ञांना अवकाळी पावसात भिजलेल्या मक्यात अफ्लाटॉक्सिनचं प्रमाण प्रचंड आढळलं. ती तीव्र विषबाधा होती, कर्करोग नव्हे. पण तो भिल्ल मुलूख आपल्या नंदुरबार-धुळ्याच्या सातपुड्याशी नात्यानं, बोलीनं आणि मक्याच्या भाकरीनं जोडलेला आहे.

भारतात हिपॅटायटीस बीचे सुमारे ३ कोटी वाहक असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. राष्ट्रीय लसीकरणात ही लस २००२ च्या सुमारास प्रायोगिक पातळीवर आली आणि २०११ मध्ये देशभर पोहोचली. म्हणजे आज विशी-तिशीच्या पुढचे बहुतेक वाहक लशीच्या आधीचे, आणि छीदोंगच्या त्या पिढीसारख्याच स्थितीतले. अशा माणसाला डॉक्टर औषध देतील, दारू सोडायला सांगतील. धान्याबद्दल विचारणारा डॉक्टर मला विरळाच भेटला आहे. कारण कावीळ आरोग्य खात्यात आणि बुरशी कृषी खात्यात, आणि या दोन खात्यांची भेट रुग्णाच्या यकृतातच होते.

घरात किंवा शेजारी हिपॅटायटीस बीचा वाहक असेल, तर शेंगदाणे निवडताना सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा दाणा बाजूला काढून टाकावा. खवट दाण्यांचा कूट करू नये आणि चटणीतही घालू नये. बुरा आलेला मका 'जनावरांना चालेल' म्हणून दुभत्या गायीम्हशींपुढे टाकू नये, कारण त्या विषाचं एक रूप दुधातून परत येतं. काढणीनंतर शेंगा जमिनीवर ढीग करून न ठेवता पसरून वाळवाव्यात. मका साठवताना ओलावा १३-१४ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, शेंगांचा ८ टक्क्यांच्या आसपास असावा. पोती भिंतीपासून आणि फरशीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावीत. आणि वाहकाने दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी आणि अल्फा-फीटोप्रोटीनची (यकृताच्या कर्करोगात रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी करून घ्यावी. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य काविळ नियंत्रण कार्यक्रमाखाली सरकारी उपचार केंद्रांत हिपॅटायटीस बीची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.